नऊ कुटुंबं आणि सोळा पानं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

डॉ. नोशिर होरमसजी वाडिया हे नाव मुंबईतल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे ते मोठे मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून. जे. जे. रुग्णालयात आणि पुढे जसलोकमध्ये त्यांनी हजारो रुग्ण तपासले. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, २०१६ साली एक्क्याण्णवाव्या वर्षी ते गेले. पण आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे ते लेखक म्हणून. मी डॉक्टर नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. नियतकालिकं मागवायची, त्यांचे खंड बांधून घ्यायचे, आणि कुणी विचारलं तर अमुक विषयावर कुणी काय लिहिलंय ते शोधून द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे डॉक्टर मला भेटतात ते नावांच्या, सालांच्या आणि पानांच्या आकड्यांच्या रूपात. हे जरा विचित्र वाटेल, पण माणूस असाही ओळखीचा होतो.

वाडिया १९२५ साली सुरतेत जन्मले. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. नंतर ते इंग्लंडला गेले आणि लंडनमध्ये लॉर्ड रसेल ब्रेन यांच्या हाताखाली मज्जासंस्थेच्या आजारांचं शिक्षण घेतलं. हे ब्रेनसाहेब त्या काळी 'ब्रेन' नावाच्याच नियतकालिकाचे संपादक होते. १८७८ साली निघालेलं हे मासिक मेंदूविज्ञानात फार मानाचं. मेंदूचे डॉक्टर, आडनाव ब्रेन, मासिक ब्रेन! पहिल्यांदा ही नोंद वाचणाऱ्याला छपाईची चूकच वाटते. त्यांच्या आधीच्या एका संपादकाचं आडनाव तर हेड होतं. असो.

१९५७ साली वाडिया परत आले. तिकडे राहिले असते तर चांगलं बस्तान बसलं असतं. मुंबईत त्या वेळी मेंदूविकारशास्त्र म्हणून वेगळी शाखा नुकती कुठे डोळे उघडत होती. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांची संघटना १९५१ साली मद्रासला स्थापन झाली होती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. यंत्रं जवळजवळ नाहीत. पण एक गोष्ट मुंबईत होती ती लंडनमध्ये नव्हती. जे. जे.च्या दारात देशभरातून रुग्ण येत, आणि ते एकटे येत नसत. बरोबर भाऊ असे, काका असे, कधी सगळं घर असे. आनुवंशिक आजारांचा अभ्यास करणाऱ्याला याहून मोठं धन नाही. इंग्लंडमधला डॉक्टर पत्रं लिहून नातेवाईक गोळा करायचा, इथे ते बाहेरच्या बाकावर बसलेले असत.

वाडियांच्या लेखनाची यादी पाहिली की तीन ठिकाणी माझं बोट थांबतं. पहिलं ठिकाण १९६७. 'ब्रेन' मासिकातच त्यांचा एक निबंध आला, मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा जन्मतःच सरकलेला असेल तर मज्जारज्जूवर दाब कसा येतो याविषयी. रुग्ण अठ्ठावीस. हा दोष पाश्चात्त्य दवाखान्यांत क्वचित दिसायचा, आपल्याकडे मात्र बऱ्यापैकी. हातापायांची ताकद हळूहळू जाते आणि मूळ दुखणं मानेत आहे हे ध्यानात येत नाही. ते वेळेवर ओळखलं तर शस्त्रक्रियेनं माणूस वाचू शकतो. एका ओळीत सांगतोय खरं, पण अठ्ठावीस माणसं एका डॉक्टरनं एका शहरात तपासून, नोंदून, पाठपुरावा करून मांडली होती.

दुसरं ठिकाण १९७१. आजच्या भाषणाचं मुख्य कारण हेच.

त्यासाठी आधी डोळ्यांविषयी थोडं सांगायला हवं. आपल्याला वाटतं, वाचताना आपली नजर ओळीवरून गाडीसारखी सरळ धावते. तसं नसतं. समोर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे नीट पाहा. डोळे टप्प्याटप्प्यानं उड्या मारताना दिसतील. एक उडी, क्षणभर मुक्काम, पुन्हा उडी. पॅरिसच्या एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास हे ध्यानात आलं. या उडीला फ्रेंचमध्ये 'सॅकाड' म्हणतात, म्हणजे हिसका. शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे. मोठ्या उडीत डोळा सेकंदाला काहीशे अंश या वेगानं फिरतो. हा हिसका देणाऱ्या पेशी मेंदूच्या बुंध्यात, मस्तिष्क-सेतू नावाच्या भागात असतात.

वाडिया आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांच्यापुढे जे रुग्ण आले त्यांचा मुख्य त्रास तोल जाण्याचा होता. चालताना झोक जायचा, बोलणं अडखळायचं, हात थरथरायचे. लहान मेंदू झिजत जाण्याचे असे आजार आधीपासून माहीत होते. पण या रुग्णांना 'इकडे बघा, आता तिकडे बघा' म्हटलं की त्यांचे डोळे उडी मारत नसत. सरपटत जात. पूर्ण लुळे पडलेले नसत, शेवटी पोचत, पण अगदी सावकाश. आणि हे एका रुग्णात नव्हे तर त्याच्या भावंडांत, आईवडिलांपैकी एकात, पिढ्यान्‌पिढ्या. अशी नऊ कुटुंबं जमली. 'ब्रेन'च्या चौऱ्याण्णवाव्या खंडात पान ३५९ ते ३७४ वर त्यांचा निबंध छापून आला, आणि शीर्षकातच त्यांनी म्हटलं की हा आनुवंशिक झिजेचा एक नवा प्रकार आहे.

'नवा' हा शब्द मी जरा अधोरेखित करतो. तोल घालवणाऱ्या आनुवंशिक आजारांचं वर्गीकरण तेव्हा म्हणजे एक मोठा घोळ होता. जर्मनीच्या फ्रीडराइख यांनी १८६३ पासून एक प्रकार वर्णन केला, फ्रान्सच्या पिएर मारी यांनी १८९३ साली दुसरा, आणि त्यानंतर प्रत्येक देशातल्या डॉक्टरांनी आपापली भर घातली. काही प्रकार एकाच आजाराची दोन नावं असत, तर काही ठिकाणी एका नावाखाली चार आजार दडलेले असत. मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही भांडण मिटत नव्हतं. अशा वेळी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयातून दोघांनी नवा प्रकार सापडल्याचं सांगायचं, आणि तेही मुख्यतः बोटांच्या इशाऱ्यावर डोळे कसे फिरतात त्यावरून! मेंदूचा पहिला सी.टी. स्कॅन लंडनमध्ये काढला गेला तो १९७१ च्याच ऑक्टोबरमध्ये. तेव्हा या निबंधामागे अवजारं होती ती हातोडी, बॅटरी, दोन बोटं आणि वंशावळींचे कागद.

तिसरं ठिकाण लागलीच येतं, १९७२ आणि १९७३. आमच्या पिढीला १९७१ ची डोळ्यांची साथ आठवते. घरोघर लाल डोळे. बंगालमध्ये तर बांगलादेशच्या युद्धाच्या दिवसांत तिला 'जय बांगला' असंच नाव पडलं. ही साथ १९६९ साली आफ्रिकेत घानामध्ये सुरू झाली होती. माणूस चंद्रावर उतरला त्याच सुमारास आली म्हणून तिकडे तिला 'अपोलो ११' म्हणत. आजार साधा. चार-आठ दिवसांत डोळे बरे. पण काही रुग्ण काही दिवसांनी वा आठवड्यांनी पाठ-पाय दुखतात म्हणून येऊ लागले आणि त्यांचे पाय लुळे पडले. पोलिओसारखंच, पण बहुतेक रुग्ण प्रौढ. वाडिया, इराणी आणि कत्रक यांनी या रुग्णांना विचारलं असणार ते अगदी साधं: मध्यंतरी डोळे आले होते का? लाल डोळे आणि लुळे पाय यांचा संबंध जोडणारे त्यांचे लेख लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. या साथीमागचा एंटरोव्हायरस ७० हा विषाणू जपानमध्ये वेगळा काढला गेला. १९८१ साली मुंबईत साथ पुन्हा आली तेव्हा वाडियांच्या गटानं रक्ततपासण्यांसह जास्त भक्कम पुरावा मांडला, तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. मला यात आवडतं ते असं की डोळ्यांचा डॉक्टर पाय पाहत नाही आणि पायांचा डॉक्टर डोळे विचारत नाही. इथे कुणीतरी विचारलं.

आता या सगळ्याचं मोल कसं करायचं?

माझ्या धंद्यात याचं उत्तर आकड्यात देण्याची सोय आहे. तिची कथाही मजेदार आहे. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून फ्रँक शेपर्ड यांची एक सूची निघत असे. अमुक खटल्याचा निकाल पुढे कुठल्या खटल्यांत आधाराला घेतला, हे तीत पाहता यायचं. यूजीन गारफिल्ड नावाच्या माणसाला वाटलं की विज्ञानालाही असंच काही हवं. १९५५ साली त्यांनी कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नावाची सूची काढली. आपण नेहमीच्या सूचीत पाहतो की एखाद्या विषयावर कोणी काय लिहिलं. हिच्यात उलटं पाहायचं: एखाद्या निबंधाचा आधार पुढे कुणी घेतला. मुंगीच्या पावलांएवढा टाइप, जाडजूड खंड. आमच्या ग्रंथालयाला ती परवडत नसे, ज्यांना पाहायची असेल त्यांना मोठ्या संस्थेत पाठवावं लागे. गारफिल्ड यांचा हेतू वाचकाला वाट दाखवण्याचा होता. पण वाट मोजता येते म्हटल्यावर माणूस ती मोजल्याशिवाय राहत नाही. मासिकांचे गुणांक आले. २००५ साली जॉर्ज हर्श या पदार्थवैज्ञानिकानं संशोधकाची सगळी कारकीर्द एका आकड्यात बसवणारा 'एच' निर्देशांक सुचवला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा आधार घेतला गेला त्याचा निर्देशांक वीस.

या तराजूत १९७१ चा तो निबंध घालून पाहू या. पुढे त्याचं काय झालं?

पहिलं पाऊल मोठं रंजक. १९७६ साली अमेरिकेत डेव्हिड झी आणि सहकाऱ्यांनी अशाच तोल जाणाऱ्या रुग्णांच्या मंद उड्या यंत्रानं मोजल्या. निरोगी डोळ्याची उडी इतकी झटकन संपते की मधे काय चाललंय ते दिसत नाही. मंद उडीत मेंदूचा कारभार जणू संथ चित्रफितीत पाहायला मिळाला. उडी चालू असताना लक्ष्य हलवलं तर हे रुग्ण वाटेतच दिशा बदलू शकत. निरोगी मेंदू डोळा कसा हलवतो, यावरच त्यामुळे प्रकाश पडला.

दुसरं पाऊल उलट दिशेचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या अनिटा हार्डिंग यांनी या आजारांच्या घोळात शिस्त आणली. त्यांचं वर्गीकरण जगभर मानलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण त्यात डोळ्यांचे दोष असलेली नाना तऱ्हेची कुटुंबं एकाच मोठ्या गटात गेली. मुंबईच्या नऊ कुटुंबांचं वेगळेपण त्या गर्दीत थोडं हरवलंच.

आणि मग क्यूबा. त्या बेटाच्या पूर्वेला होल्गीन प्रांतात तोल जाण्याच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जगात कुठेही नसेल इतकं आहे. तिथल्या कुटुंबांवरून १९९३ साली कळलं की दोष बाराव्या गुणसूत्रावर आहे. १९९६ साली तीन वेगवेगळ्या गटांनी, एकाच मासिकाच्या एकाच अंकात, ते जनुक प्रसिद्ध केलं. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत बावीस वेळा, आणि बत्तीस-तेहतीसच्या पुढे गेली की आजार. आवृत्ती जितकी लांब तितका आजार लवकर, आणि पिढीगणिक ती लांबण्याची प्रवृत्ती. अनिटा हार्डिंग हे पाहायला नव्हत्या, त्या १९९५ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेल्या. या आजाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून एस.सी.ए. दोन असं नाव आहे.

१९९८ साली 'ब्रेन'मध्ये वाडियांचा आणखी एक निबंध आला. सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी, आणि सगळी एस.सी.ए. दोनची. मंद उड्यांचं निदानातलं महत्त्व हा शीर्षकाचाच भाग होता. पहिल्या निबंधानंतर सत्तावीस वर्षांनी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याच मासिकात त्यांनी तोच मुद्दा प्रयोगशाळेच्या पुराव्यानं पुन्हा मांडला. ग्रंथपाल म्हणून सांगतो, एकाच प्रश्नावर इतक्या अंतरानं परत येणारी माणसं यादीत फार कमी सापडतात. मंद उड्या इतर काही प्रकारांतही दिसतात, हे खरं आहे. पण इतक्या लवकर आणि इतक्या ठळकपणे दिसतात त्या एस.सी.ए. दोनमध्येच.

पण जनुक सापडल्यावर एक गंमत होते. त्यानंतर जो कुणी या आजारावर लिहितो तो आधार घेतो १९९६ च्या निबंधांचा. साहजिकच आहे. मुंबईची नऊ कुटुंबं मागे सरतात. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकातच हे हेरलं होतं: एखादी गोष्ट सर्वांच्या अंगवळणी पडली की ती प्रथम कुणी सांगितली हे लिहायची कुणाला गरज वाटत नाही. न्यूटनचं नाव घेऊन गुरुत्वाकर्षणाचा संदर्भ कोण देतो? म्हणजे काम फार यशस्वी झालं तर आकडा वाढायचा थांबतो. मोजमापाची ही खोट मला आजवर कुणी भरून काढलेली दिसली नाही. आनुवंशिक आजारांच्या मोठ्या नोंदपटात एस.सी.ए. दोनच्या पर्यायी नावांमध्ये 'वाडिया-स्वामी' हे नाव अजून आहे. पण दवाखान्यात कुणी ते वापरत नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ग्रंथालयात तरुण डॉक्टर आणि प्राध्यापक यायचे ते वेगळ्याच घाईनं. बढतीसाठी निबंध हवेत, अमुक सूचीत असलेल्या मासिकातच हवेत, गुण किती मिळतील? २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या प्रकाशनांना गुण देण्याची पद्धत आणली, आणि त्यानंतर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांचं उदंड पीक आलं. मी त्या तरुणांना दोष देत नाही. पगार आणि पद गुणांवर असेल तर माणूस गुणच गोळा करणार. मला फक्त एक हिशेब सुचतो. नऊ कुटुंबं जमेपर्यंत थांबायला वेळ लागतो. पहिल्या कुटुंबावर एक निबंध, दुसऱ्यावर दुसरा, असं केलं असतं तर वाडियांच्या नावावर नऊ निबंध झाले असते, गुण नऊपट. आणि हा एक आजार आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं असतं का, शंकाच आहे. वाडिया मात्र शेवटपर्यंत लिहिते राहिले. भारतीय रुग्णांच्या अनुभवावर बेतलेला मेंदूविकारांचा मोठा ग्रंथ त्यांनी संपादित केला, तो २००५ साली निघाला. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

ज्यांच्यामुळे हे सगळं घडलं त्या कुटुंबांसाठी काय बदललं, हा प्रश्न राहतो. आज रक्ताच्या एका चाचणीनं निदान नक्की होतं. आजारी माणसाच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी, हे नेमकं सांगता येतं. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना ते जाणून घ्यायचं असतंच असं नाही, आणि हे समजुतीनं हाताळायला आता समुपदेशक असतात. औषध मात्र अजून नाही. २०१० साली याच जनुकाचा संबंध स्नायू लुळे करणाऱ्या ए.एल.एस. या दुसऱ्या आजाराशीही असल्याचं कळलं, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. जनुकाचं काम दाबणारं एक औषध ए.एल.एस.च्या रुग्णांवर आजमावलं गेलं, पण उपयोग दिसला नाही म्हणून २०२४ साली ते थांबवण्यात आलं. प्रयत्न चालू आहेत. दरम्यान, तोल जातो म्हणून आलेल्या रुग्णासमोर आजचा डॉक्टरही दोन बोटं धरतो आणि इकडे-तिकडे बघायला सांगतो. कोणती चाचणी आधी पाठवायची हे बरेचदा त्यावरून ठरतं.

जाता जाता एक ग्रंथपाली तपशील. गारफिल्ड यांच्या छापील सूचीत जुन्या निबंधांची नोंद फक्त पहिल्या लेखकाच्या नावानं होत असे. त्यामुळे त्या खंडांत तुम्हाला ओळ मिळते ती अशी: वाडिया एन. एच., १९७१, ब्रेन, खंड ९४, पान ३५९. आर. के. स्वामींचं नाव तिथे शोधून सापडत नाही. ते पाहायचं तर 'ब्रेन'चा तो बांधीव खंडच कपाटातून काढावा लागतो.